जुन्या तसबिरी आणि घरचा स्कॅनर



छायाचित्रणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो पॅरिसच्या डॅगेर नांवाच्या चित्रकारापासून आरंभावयाचा, १८३९ सालच्या ऑगस्टांत त्याची कृति जाहीर झाली तेथून निघावयाचें, आणि आजच्या खिशांतल्या कॅमेऱ्यापाशीं येऊन थांबावयाचें, असा प्रघात आहे. आज मीं उलट वाटेनें जाण्याचें ठरविलें आहे. आतां घरोघर संगणक आला आहे. पुष्कळ घरीं त्याच्या शेजारीं चपट्या पेटीसारखा स्कॅनरहि दिसतो. आणि भिंतीवरच्या, ट्रंकेंतल्या, पोथीच्या रुमालांत बांधून ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांची नक्कल त्या यंत्राकडून करवून घ्यावी असें लोकांना वाटूं लागलें आहे. त्या खटाटोपांत ज्या अडचणी येतात, त्यांच्याच खुणेनें इतिहासांत मागें जाणें हा आजचा विषय. याचें कारण असें कीं, नकलेंत दिसणाऱ्या दोषांपैकीं थोडे यंत्राचे असतात. बाकीचे त्या छायाचित्राच्या जन्माचे, आणि त्यानें आपल्या घरांत काढलेल्या पन्नास-शंभर वर्षांचे असतात. दोष ओळखतां आला तर छायाचित्राचें वय व कुळ ओळखतां येतें. आणि वय व कुळ कळलें म्हणजे उपाय बहुधा आपोआप सुचतो.

प्रथम यंत्राचेच दोष सांगून टाकूं, म्हणजे तो हिशेब मिटेल. पुष्कळांची पहिली तक्रार अशी कीं, संगणक स्कॅनरला ओळखतच नाहीं. दिवा लागतो, आंतून घरघर ऐकूं येते, पण पडद्यावर ‘यंत्र सांपडत नाहीं’ एवढेंच उत्तर. संगणकाची व स्कॅनरची भाषा एक नसते. दोहोंच्या मध्यें ड्रायव्हर नांवाचा एक दुभाषा बसविलेला असतो. यंत्र दहा-पंधरा वर्षें टिकतें, परंतु तेवढ्यांत संगणकाची प्रणाली दोन-तीनदां बदलते, आणि कारखानदार जुन्या यंत्रासाठीं नवा दुभाषा नेमीत बसत नाहीं. म्हणजे यंत्र धडधाकट, पण दुभाषा वारलेला. अशा वेळीं यंत्र भंगारवाल्यास देण्याची घाई करूं नये. कारखानदाराच्या संकेतस्थळावर त्या नमुन्याचा नवा ड्रायव्हर आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास अनेक जातींच्या जुन्या स्कॅनरांशीं बोलूं शकणारे सर्वसाधारण प्रोग्रॅम मिळतात, ते लावून पाहावे. तेंहि न जमल्यास अडगळींतला जुना संगणक, इंटरनेटशीं न जोडतां, एवढ्या कामापुरता ठेवावा. जोडणीची तार अनेक तोंडांच्या हबमधून न नेतां सरळ संगणकास लावावी. कित्येक लहान स्कॅनर आपली वीजहि त्याच तारेंतून घेतात आणि ती अपुरी पडली कीं मध्येंच थांबतात. नवा किंवा नुकताच गांवांतरास नेलेला स्कॅनर सुरू होतांच करकर आवाज करून अडला, तर त्याचें बूड पाहावें. वाहतुकींत आंतला गाडा हलूं नये म्हणून कांहीं नमुन्यांना तेथें एक खटका असतो, आणि तो सोडावयाचा राहिलेला असतो.

नकलेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ बारीक रेघ उमटते, तिचें कारण मोठें मौजेचें आहे. काम सुरू करण्यापूर्वीं स्कॅनर आंतल्या एका पांढऱ्या पट्टीकडे पाहून ‘पांढरें म्हणजे एवढें’ असें मनाशीं ठरवितो. त्या पट्टीसमोर धुळीचा एक कण बसला असेल तर तेवढ्या ठिकाणीं त्याचा समज चुकतो, आणि तीच चूक गाडा पुढें सरकेल तसतशी चित्रभर लांबत जाते. कांचेची सुरुवातीची कड स्वच्छ पुसली म्हणजे बहुधा भागतें. पुसण्याचें पाणी फडक्यावर घ्यावें, कांचेवर शिंपडूं नये. तें कडेनें आंत झिरपतें आणि पुढें वाफेचा डाग कायमचा बसतो. सुटे ठिपके दिसल्यास फोटो फिरवून पुन्हा नक्कल घ्यावी. ठिपका जागच्या जागीं राहिला तर तो कांचेवर आहे, फोटोबरोबर फिरला तर फोटोवर आहे. एवढी परीक्षा न करतां कित्येक लोक तासभर कांच घासीत बसतात.

या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेंतला. १९५७ सालीं तेथील सरकारी मानक संस्थेंत रसेल कर्श नांवाच्या संशोधकानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका पिंपावर गुंडाळून, त्यावरून प्रकाशाचा डोळा फिरवून, तो संगणकांत घातला. चित्र पांच सेंटिमीटर लांब व तितकेंच रुंद. ठिपके आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे सारे मिळून ३०,९७६. त्या संगणकास काळें व पांढरें या दोनच गोष्टी कळत. म्हणून उजेडाची मर्यादा कमीजास्त करून तेंच चित्र अनेकदां वाचविलें आणि त्या थरांच्या बेरजेंतून करड्या छटा साधल्या. संगणकानें वाचलेलें पहिलें छायाचित्र कोणा राजाचें किंवा सेनापतीचें नसून घरांतल्या तान्ह्या मुलाचें असावें, ही गोष्ट मला फार आवडते. पुढें १९६९ सालीं बॉइल व स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तें मोजणारी एक चकती शोधून काढली; त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. घरच्या स्कॅनरांपैकीं कांहींत हाच डोळा असतो. दुसऱ्या जातींत, म्हणजे पातळ व स्वस्त स्कॅनरांत, डोळ्यांची रांग कांचेच्या अगदीं लगत बसविलेली असते. हा भेद ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

ठिपक्यांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एका गैरसमजाचा निकाल लावूं. स्कॅनरच्या खोक्यावर इंचास ४८०० किंवा ९६०० ठिपके असे आंकडे छापलेले असतात, आणि हौशी मनुष्य सर्वांत मोठा आंकडा निवडतो. मग संगणक गुदमरतो, पडदा गोठतो, आणि यंत्र बिघडलें म्हणून तक्रार होते. हा प्रश्न इयत्ता सातवीच्या गणिताचा आहे. ४ इंच × ६ इंच फोटो इंचास ३०० ठिपक्यांनीं वाचला तर १२०० × १८०० म्हणजे २१ लक्ष ६० हजार ठिपके होतात; प्रत्येकाच्या तीन रंगांस तीन बाइट धरल्यास सुमारें ६५ लक्ष बाइट. आंकडा दुप्पट म्हणजे ६०० केला कीं जागा दुप्पट न होतां चौपट होते. २४०० केला तर चौसष्टपट, म्हणजे एकाच फोटोस एक्केचाळीस कोटींहून अधिक बाइट. कागदावरच्या फोटोंत इतका बारकावा नसतोच. साध्या फोटोस ३००, लहान किंवा महत्त्वाच्या फोटोस ६०० पुष्कळ झाले. त्याहून मोठे आंकडे निगेटिव्हसाठीं राखून ठेवावे, कारण तेथें इंचभर जागेंत सारें जग असतें.

आतां छायाचित्रांकडे वळूं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं, म्हणजे डॅगेरची कृति जाहीर झाल्यापासून अवघ्या पंधरा वर्षांत. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान त्या मंडळींत होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय लोक याच सुमारास या धंद्यांत उतरले. त्या काळची कृति ओल्या कांचेची. कांचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, ती ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधारकोठडींत नेऊन चित्र उठवावयाचें. उन्हाळ्यांत लेप वाळावयास किती वेळ लागतो हें आपल्या प्रांतांतील मनुष्यास सांगावयास नको. तिच्यावरून छापावयाचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकानें माखलेला असे. तो फार पातळ, म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. ज्यांच्या घरीं तपकिरी झांक असलेला, पुठ्ठ्यावर डकविलेला, खालीं स्टुडिओचें नांव सोनेरी अक्षरांत छापलेला फोटो आहे, त्यांनीं तो याच जातीचा असण्याचा संभव धरावा.

असा फोटो स्कॅनरवर ठेवला कीं मधला भाग स्पष्ट आणि कडा धूसर येतात. लोक समजतात, भिंग बिघडलें. खरी गोष्ट अशी कीं, कागद एका प्रमाणांत आकसतो, पुठ्ठा दुसऱ्या, आणि शंभर पावसाळ्यांनंतर तो पुठ्ठा पन्हळासारखा वाकलेला असतो. वर जें पातळ स्कॅनरांचें लक्षण सांगितलें तें येथें आड येतें: त्यांचा डोळा कांचेला टेकलेल्याच वस्तूस नीट पाहूं शकतो, कांचेपासून थोडें अंतर पडलें कीं त्यास दिसेनासें होतें. झांकण दाबून धरणें हा उपाय सर्वांत वाईट. वाकलेला जुना पुठ्ठा एकदां कडकन् मोडला म्हणजे तो कोणत्याहि प्रोग्रॅमनें सांधत नाहीं. दुसऱ्या जातीचा, जाड घाटाचा स्कॅनर मिळवावा, किंवा स्कॅनरचा नाद सोडून खिडकीच्या मंद उजेडांत कॅमेऱ्यानें सरळ वरून चित्र घ्यावें. झांकण लागत नसल्यास वर काळें कापड पसरावें. फोटो पातळ असून मागचें लिखाण पुढें उमटत असेल, तर पाठीशीं पांढऱ्याऐवजीं काळा कागद ठेवावा. लिखाण नाहींसें होतें.

आणि हे फोटो काळेपांढरे म्हणून काळ्यापांढऱ्या पद्धतीनें वाचूं नयेत. पिवळा डाग व तपकिरी चित्र हे दोन निराळे रंग आहेत, आणि ते निराळे ठेवले तरच पुढें निरनिराळे करतां येतात. रंगीत नक्कल घेऊन तिचा लाल भाग वेगळा काढून पाहावा, त्यांत पिवळे डाग जवळजवळ नाहींसे होतात. उलट फिकें पडून पिवळट झालेलें चित्र निळ्या भागांत अधिक ठळक दिसतें. वाचतांनाच करडी नक्कल घेणाऱ्यास हा मार्ग बंद होतो.

पुढें १८७१ सालीं मॅडॉक्सनें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कल्पना काढली, १८८८ सालीं ईस्टमननें कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला, आणि हळूहळू तालुक्याच्या गांवापर्यंत स्टुडिओ पोंचले. विसाव्या शतकांतले आपल्या घरांतील बहुतेक काळेपांढरे फोटो जिलेटिनच्या कागदाचे. या कागदाचा विकार म्हणजे चांदी. चित्र मुळांत चांदीच्या कणांचेंच असतें. हवेंतील वायूंनीं व दमटपणानें ती चांदी विरघळून पृष्ठभागावर येते आणि काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झळाळी चढते. स्कॅनरचा दिवा या आरशावर आपटतो आणि नकलेंत आजोबांच्या काळ्या कोटावर निळें धुकें दिसतें. ती झळाळी ओल्या फडक्यानें पुसण्याचा मोह होतो. पुसली कीं तिच्याबरोबर चित्रहि जातें, कारण ती झळाळी म्हणजेच चित्र. कॅमेऱ्यानें, दोन्ही बाजूंनीं तिरपा उजेड देऊन, नक्कल घ्यावी.

दुसरा विकार फिकेपणाचा. फोटो पक्का करण्यासाठीं हायपोच्या द्रावणांत बुडवीत, आणि त्यानंतर तो वाहत्या पाण्यांत बराच वेळ धुवावा लागे. हायपो राहून गेला तर तो कागदांत बसून वर्षानुवर्षें चांदी खात राहतो आणि चित्र पिवळें पडत जातें. विहिरीवरून घागरीनें पाणी आणून फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्यानें चैत्र-वैशाखांत कितीदां पाणी बदललें असेल? एकाच घरांतील एकाच काळचे दोन फोटो, एक लख्ख व एक पिवळा, असे मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतला पिवळा उन्हाळ्यांतल्या लग्नसराईचा असावा असा माझा आपला एक तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे. अशा फिक्या फोटोस वाचतांना स्कॅनरच्या प्रोग्रॅममधील आपोआप सुधारणेचीं सर्व बटणें बंद करावीं आणि मिळत असल्यास रंगामागें सोळा बिटांची मोजणी निवडावी. फिक्या चित्रांतला भेद अगदीं थोड्या पायऱ्यांत दडलेला असतो. पायऱ्या बारीक मोजल्या असतील तरच त्या पुढें ताणतां येतात. नाहीं तर चेहऱ्यावर पट्टे उमटतात.

याहून कठीण प्रसंग भिंतीवरच्या तसबिरीचा. आपल्याकडे माणूस गेला कीं त्याचा एकमेव फोटो मोठा करून कांचेच्या चौकटींत बसवावयाचा, हार घालावयाचा, तिथीस गंध लावावयाचें. मागें पुठ्ठा व खिळे, पुढें कांच, मध्यें हवेला जागा नाहीं. पावसाळ्याच्या ओलीनें जिलेटिन मऊ होऊन कांचेला चिकटतें, उन्हाळ्यांत वाळून घट्ट होतें. नकलेसाठीं तसबीर उघडावी तर फोटो कांचेबरोबर येतो. येथें ओढाओढ करणें म्हणजे चेहरा कांचेवर ठेवून उरलेला कागद हातीं घेणें होय. पाण्यांत भिजवून सुटेल असें सांगणारे भेटतात, आणि कधीं कधीं सुटतोहि. पण घरांत दुसरा फोटो नसतांना हा जुगार मी खेळूं देणार नाहीं. चौकट काढावी, कांच बाहेरून स्वच्छ करावी, गंधाचे डाग कांचेवर आहेत कीं खालीं कागदावर उतरले आहेत तें पाहावें, आणि कांचेसकटच नक्कल घ्यावी. पातळ स्कॅनरला मधली कांच सोसत नाहीं, जाड जातीच्या स्कॅनरला बहुधा सोसते. कांचेवर कोठें कोठें इंद्रधनुष्यासारखीं वलयें दिसलीं तर घाबरूं नये. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांस जवळजवळ टेकले पण पुरते चिकटले नाहींत, कीं मधल्या हवेच्या पापुद्र्यांतून प्रकाशाचीं वलयें उमटतात. त्यांस न्यूटनचीं वलयें म्हणतात, जरी न्यूटनच्या १७०४ सालच्या ग्रंथापूर्वीं हूकनें १६६५ मध्येंच असल्या रंगांविषयीं लिहून ठेवलें होतें; नांव मोठ्याचें पडतें. फिल्मच्या निगेटिव्ह कांचेवर नुसत्या पसरल्या तरी हींच वलयें येतात, म्हणून त्या चौकटींत धरून किंचित् उंच ठेवाव्या. निगेटिव्ह वाचण्यास वरूनहि उजेड देणारा स्कॅनर लागतो, साध्यावर ती नुसती काळी दिसते. कांचेच्या जुन्या प्लेटींना हेंच लागू. तेवढ्यावरून प्लेट खराब झाली असें समजून ती फेंकून देणारीं घरें आहेत, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

आमचें हिवरा आश्रम विवेकानंद आश्रमामुळें ओळखलें जातें. जानेवारींत स्वामी विवेकानंदांच्या जयंतीस येथें जी गर्दी लोटते ती आपणांपैकीं अनेकांना ऐकून ठाऊक असेल. स्वामींची तसबीर नाहीं असें घर या भागांत विरळा. पण ही तसबीर म्हणजे छायाचित्र नव्हे, छायाचित्राच्या छपाईची छपाई आहे. हात छातीवर बांधलेली जी मुद्रा सर्वत्र दिसते, ती १८९३ च्या सप्टेंबरांत शिकागोंत थॉमस हॅरिसन या छायाचित्रकारानें टिपलेली. तिची तेथल्या तेथें शिळाछापाचीं मोठीं भित्तिपत्रकें निघालीं, आणि मग जगभर नकलांवरून नकला होत गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८९२ च्या ऑक्टोबरांत, स्वामी बेळगांवास होते. तेथें भाटे यांच्या मराठी घरीं व हरिपद मित्र या जंगलखात्याच्या अधिकाऱ्याच्या घरीं त्यांचा मुक्काम झाला, आणि मित्रांच्या आग्रहानें ‘एस. महादेव आणि सन’ या बेळगांवच्या स्टुडिओंत त्यांचा फोटो निघाला. शिकागोच्या अगोदरचे, अजून जगास अपरिचित असलेले विवेकानंद आपणांस जे दिसतात, ते कांहीं अंशीं या आग्रहामुळें व एका गांवच्या स्टुडिओमुळें.

घरची छापील तसबीर स्कॅनरवर ठेवली कीं चेहऱ्यावर रेशमी कापडाच्या लहरींसारखी जाळी उठते. ही अडचण समजण्यास छपाईच्या इतिहासांत शिरलें पाहिजे. छपाईच्या शाईस करडा रंग नसतो. ती काळी तरी उमटते किंवा उमटत नाहीं. म्हणून १८८० नंतरच्या दशकांत जर्मनींत व अमेरिकेंत अशी युक्ति निघाली कीं, चित्र बारीक जाळीच्या कांचेतून टिपून त्याचे लहानमोठे ठिपके करावे. मोठे ठिपके दाट छाया, लहान ठिपके फिकी छाया. हाच हाफटोन ठसा. आपल्याकडे या विद्येस ज्यांनीं हात घातला त्यांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकल्यावर त्यांनीं गोध्र्यास फोटोचा धंदा मांडला. नंतर बडोद्यास मांडलेला तोच धंदा, कॅमेरा माणसाच्या अंगांतली शक्ति शोषून घेतो अशी अफवा उठल्यामुळें, बसला. पुढें पुराणवस्तु खात्यांत नोकरी, मग लोणावळ्यास ठसे व छपाई यांचा कारखाना, आणि १९०९ च्या सुमारास रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं जर्मनीची वारी. दादासाहेब फाळके म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१३ साल, एवढेंच आपण पाठ केलें आहे. पण त्या पडद्यामागें ठसेवाल्याची पंधरा-वीस वर्षांची उमेदवारी होती, हें आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक विस्तारानें यावयास हवें. का. र. मित्रांचें ‘मनोरंजन’ १८९५ सालीं निघालें, त्याचा १९०९ चा अंक पहिला दिवाळी अंक म्हणून गाजला. अशा मासिकांतून थोर लोकांचे चेहरे खेड्यापाड्यांतल्या घरांत आले ते या ठिपक्यांच्या रूपानेंच.

आतां दोष उघड झाला. वर्तमानपत्री ठशांत इंचास पासष्ट ते पंच्याऐंशी ओळी, गुळगुळीत कागदावर एकशेंवीस ते दीडशें. स्कॅनरचीहि स्वतःची ठिपक्यांची जाळी असते. एका जाळीवर दुसरी जाळी ठेवली कीं तिसरीच नक्षी दिसूं लागते; दोन मच्छरदाण्या एकीवर एक धरून पाहाव्या. उपाय असा कीं, प्रथम इंचास ६०० किंवा अधिक ठिपक्यांनीं नक्कल घ्यावी, म्हणजे छपाईचा प्रत्येक ठिपका सुटा वाचला जाईल. मग संगणकावर ती किंचित् धूसर करून आकार अर्ध्यावर आणावा. प्रोग्रॅममध्यें जाळी काढण्याची सोय असल्यास ती वापरावी; पण खऱ्या फोटोस ती लावूं नये, चेहरा मेणाचा होतो. कागद कांचेवर थोडा तिरपा ठेवून पाहण्यानेंहि लहरी कमी होतात. मात्र छापील चित्रास कितीहि मोठ्या आंकड्यानें वाचलें तरी त्यांतून डोळ्याची पापणी बाहेर येणार नाहीं. ठिपकेच मोठे दिसतील. जें कागदावर नाहीं तें यंत्रांत येत नाहीं.

रंगीत फोटोंविषयीं थोडक्यांत सांगतों. १९७०-८० च्या दशकांतले लग्नाचे फोटो आज लालसर दिसतात, कारण तीन रंगद्रव्यांपैकीं निळसर द्रव्य अंधारांत ठेवूनहि सर्वांत आधीं उडालें. प्रोग्रॅममध्यें रंग परत आणण्याची सोय असते आणि ती येथें बरीच गुणकारी ठरते. त्याच काळांत खरबरीत दाण्याचा कागद लोकप्रिय झाला. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूनें पडत असल्यामुळें प्रत्येक दाण्याची सावली नकलेंत येते. तोच फोटो एकदां सरळ व एकदां उलटा ठेवून दोन नकला घ्याव्या आणि संगणकावर एकीवर एक बसवून सरासरी काढावी. सावल्या पुष्कळशा एकमेकींस खातात. चिकट पानांच्या अल्बमांतले फोटो सुटत नसतील तर पानासकट वाचावे.

याहून मोठा धोका अलीकडे निर्माण झाला आहे. फिका, तडकलेला चेहरा एका क्षणांत लख्ख करून देणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. ते चेहरा शोधून काढीत नाहींत. लक्षावधि इतर चेहरे पाहून, येथें असा डोळा असावा, अशी ओठांची कड असावी, असा अंदाज भरतात. नकलेंतला तो तेजस्वी डोळा आपल्या आजीचा नसून सरासरी स्त्रीचा असतो. इतिहासाच्या दृष्टीनें हा बनावट दस्तऐवजच होय. स्टुडिओवाला पूर्वींहि फोटो रंगवीत असे, सुरकुत्या पुसून टाकी. परंतु त्याच्या कुंचल्याचे फरांटे दिसत, आणि खरेंखोटें निवडतां येई. म्हणून माझें सांगणें असें कीं, पहिली नक्कल डागांसकट, तड्यांसकट, कांहींहि न बदलतां टिफ प्रकारच्या फाइलींत ठेवावी. जेपेग प्रकारांत जागा वांचते, पण प्रत्येक वेळीं बदलून सांठवतांना कांहीं अंश गळतो. दुरुस्ती करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि त्या प्रतीच्या नांवांत ‘दुरुस्त’ हा शब्द घालावा. तडा कोठें पडला, फोटो कशानें दुमडला, कोणाच्या कोटाच्या खिशांत राहिला, हेंहि घराण्याचें वृत्त आहे.

नकलेची किंमत काय हें आमच्या भागानें एकदां पाहिलें आहे. बुलढाण्याच्या डोंगरांपलीकडे अजिंठा. १८४४ पासून कॅप्टन रॉबर्ट गिल तेथें राहून लेण्यांतील चित्रांच्या मोठमोठ्या रंगीत नकला करीत होता. मराठी वाचकांस तो ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळें पारोचा गिल म्हणून ठाऊक आहे. मला तो उन्हांत कांचेच्या प्लेटी वाहून नेणारा गिल म्हणून अधिक जवळचा वाटतो. त्याच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सनें आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेंच काम केलें. त्यांतल्याहि पुष्कळ नकला १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. परंतु मध्यंतरीं गिलनें कॅमेरा हातीं घेतला होता. त्याच्या दुहेरी छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं निघालें, आणि त्याच दशकांत त्यानें वऱ्हाडांत फिरून आमच्या लोणारच्या देवळांचीं छायाचित्रें टिपलीं. एका प्लेटीवरून अनेक प्रती निघतात, त्या अनेक ठिकाणीं जातात, आणि सर्व ठिकाणीं एकदम आग लागत नाहीं. म्हणूनच त्या काळचें लोणार आज आपणांस दिसतें. गिल १८७९ सालीं वारला. भुसावळास त्याची कबर आहे.

या दुहेरी छायाचित्रांबद्दल एक सूचना. एका पुठ्ठ्यावर शेजारीं शेजारीं दोन सारखींच चित्रें दिसतात, म्हणून स्कॅनरचा प्रोग्रॅम आपोआप त्यांचे दोन तुकडे करतो, आणि घरधनी एक ठेवून दुसरें पुसून टाकतो. तीं सारखीं नसतात. डाव्या व उजव्या डोळ्यास जें वेगळें दिसतें तें त्यांत असतें, आणि दुर्बिणीसारख्या चौकटींतून दोन्ही एकदम पाहिलीं कीं खोली भासते. आपोआप कापण्याची सोय बंद करून पुठ्ठा सबंध वाचावा.

गिलचीं छायाचित्रें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें संगणकावर घातलीं होतीं, आणि येथें बसून तीं पाहतां येत. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या ग्रंथालयाच्या संगणकांवर चोरांनीं हल्ला केला आणि तेथील पुष्कळ संग्रह पुढें अनेक महिने कोणास पाहतां येईना. कागद जळतो, तसा संगणकहि बंद पडतो. म्हणून घरच्या नकला एकाच डिस्कवर ठेवूं नयेत. एक संच घरीं, एक परगांवच्या मुलाकडे किंवा मुलीकडे, आणि शक्य तर एक इंटरनेटवरील सांठ्यांत असावा. दर दोन-तीन वर्षांनीं ते उघडून पाहावे. मूळ फोटो मात्र फेंकूं नये. उद्यांचा स्कॅनर आजच्यापेक्षां चांगला निघेल, आणि त्यास वाचावयास मूळच लागेल.

शेवटीं फोटोच्या पाठीबद्दल. स्टुडिओचा शिक्का, गांवाचें नांव, कोणी पेन्सिलीनें घातलेली तारीख, ‘चि. सौ. कां. हिच्या लग्नाच्या वेळीं’ अशी अर्धवट ओळ, हें सारें पाठीवर असतें, आणि यंत्रावर फोटो पालथा घालून पुढची बाजू वाचून झाली कीं लोक तो तसाच उचलतात. पाठीचीहि नक्कल घ्यावी व दोन्ही फाइलींस एकच क्रमांक द्यावा. पाठ कोरी असेल तर घरांतल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ पडद्यावर चित्र मोठें करून न्यावें आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण बसलें आहे तें विचारून लिहून घ्यावें. दृष्टि अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना कागदावर न दिसणारे चेहरे पडद्यावर दिसतात, आणि मग मागच्या रांगेंतल्या, आजवर कोणी विचारलें नव्हतें अशा माणसाचेंहि नांव निघतें. तें काम मात्र फोटोची नक्कल घेण्याच्या आधीं केलें तरी चालेल.